दुसऱ्या रकान्यातली सही

अंबड, नाशिक
८ सप्टेंबर २०२४

चि. संजना हिस,
मामाचा सप्रेम जय भीम.

फोनवर तू जे सांगितलंस ते मामीनं मला कागदावर लिहून दिलं. कागदावर एवढंच होतं : "पोरगी खुशीत आहे. बाकी सगळं इंजिनिअरिंगचं होतं." तेव्हा यापुढं कामाचं जे असेल ते पत्रानंच कळव. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं रिव्हेटिंगच्या आवाजात काढली, त्यात कान गेले. डोळे शाबूत आहेत. शिवाय पत्र फाईलला लावता येतं.

तर तुझी होडी होत आली. समुद्रात बांधून ठेवायची म्हणून तू तिला बोया म्हणतेस, इथं माझ्या शेडमध्ये सगळे होडीच म्हणतात. गोल डबा न करता नावेचा आकार कशासाठी, हे तू मला समजावलं होतंस. मी ते शकीलाबाईला असं सांगितलं : नदीच्या धारेत घागर बांधून ठेवली तर ती गरगरते आणि ओढीनं खाली जाते. होडी बांधली तर धारेकडं तोंड करून गुमान उभी राहते. पोटात लाटा मोजायची, पाण्याची गरमी आणि खारटपणा मोजायची यंत्रं असतील, तर उभं राहणारंच वाहन पाहिजे. बाईला लगेच पटलं.

शकीलाबाई म्हणजे आपल्याकडं फायबरचं काम करते ती. मूळची मालेगावची, घरात यंत्रमाग. साच्यावर फायबरची मॅट अशी अंथरते की सुरकुती शोधून सापडत नाही. कागदाच्या कामात मात्र मी तिला घेत नाही. हात पक्का असला म्हणजे सगळंच येतं असं नाही.

गेल्या रविवारी मोहाडीला आपल्या कारभारीच्या द्राक्षबागेतल्या शेततळ्यात होडी सोडून पाहिली. अर्धं गाव जमलं. कारभारी म्हणाला, "नाना, लय भारी हाय, पण हिच्यात माणूस बसायचा कुठं?" मी म्हटलं, माणूस रत्नागिरीत बसतो, ही पाण्यात राहून त्याला खबर देते. तो म्हणाला, "म्हंजे चाकरी हिनं करायची आन् पगार त्यानं घ्यायचा."

सहा तास तरंगली, एका बाजूला केसभर कलली नाही. उतरवताना वरच्या झाकणातून पाच-सहा तांबे पाणी आत गेलं होतं, ते शेडवर आणल्यावर काढून टाकलं. सांध्यांतून एक थेंब नाही. तू निर्धास्त रहा.

तुझा,
निवृत्तीमामा


रत्नागिरी
१९ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जय भीम.

तुमची घागर मी आमच्या समुद्र संशोधन संस्थेत, बोये मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीत वापरली. तीन आलेख दाखवून जे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते घागरीनं दोन मिनिटांत शिरवलं. कारभारीकाकांचं वाक्य मात्र सांगितलं नाही, कारण समोर बसलेले सगळे पगार घेणारेच होते.

मामा, एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे तुम्हाला उगाच दुसरीकडून कळायला नको. समितीतल्या दोघांचं पहिल्यापासून म्हणणं आहे की बाहेरून तयार गोल बोये आणावेत. त्यातले पाटणकर सर मला जिन्यात गाठून हसत हसत विचारतात, "काय हो, नाशिकचा समुद्र काय म्हणतो?" बनवणारा माझा मामा आहे हे मी पहिल्याच दिवशी लेखी दिलं होतं आणि काम पाहूनच तुमची निवड झाली. तरी लोक बोलायचे ते बोलतातच. हा पहिला बोया उन्हाळ्यापर्यंत टिकला तर आणखी सहा करायचे असं ठरलंय. बुडाला तर माझं रेखाटन कपाटात जाईल, आणि मी निवृत्त होईपर्यंत 'मामाकडून करून घेणारी' म्हणून ओळखली जाईन.

तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. मला भीती वाटत नाही, कारण हात तुमचा आहे.

दोन कामं : एक, दोन्ही कुशींवर संस्थेचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवा. दोन, सोबत पाठवलेला तपासणीचा तक्ता भरा. दोन रकाने आहेत, 'करणारा' आणि 'तपासणारा'. तुमच्या कारखान्यात असायचे तसेच. लहानपणी तुम्ही मला गणिताची वही तपासू द्यायचा नाहीत, आठवतं? "केलं त्यानं तपासायचं नसतं, दुसऱ्याला दे."

तुमची,
संजना


अंबड, नाशिक
५ ऑक्टोबर २०२४

चि. संजना हिस,
सप्रेम जय भीम.

होडी काल ट्रकवर चढवली. ड्रायव्हरनं वाटेतून मामीला फोनवर सांगितलं, घोटीला चहाला थांबला तर भाताचे व्यापारी गोळा झाले. एक म्हणाला विमानाचं पोट आहे, दुसरा म्हणाला निवडणुकीचा रथ आहे. फोन नंबर एवढा मोठा रंगवलाय की तिथल्या एकानं लावूनही पाहिला म्हणे. तुमच्याकडं कुणी भाताचा भाव विचारला असेल तर तो हा.

तक्ता सोबत आहे. दोन्ही रकान्यांत माझीच सही आहे, ती पाहून नाक मुरडू नकोस. नियम मला माहीत आहे, नियम मीच तुला शिकवला. पण तो कारखाना होता, तिथं तपासायला वेगळी माणसं होती. इथं शेडमध्ये माझं काम तपासेल असं आहे कोण? शकीलाबाईला कागद दाखवला तर ती म्हणाली, "भाऊ, मी बघू का एकदा?" मी म्हटलं, तू रंगाचं बघ.

इथून जायच्या दिवशी ती तासभर होडीच्या पोटात डोकं घालून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "पुसतेय." बायकांना पुसण्याची भारी हौस. आता ती मालेगावला गेलीय, तिच्या लेकीचं, अरफाचं, बाळंतपण आहे. जानेवारीशिवाय येत नाही. शेड सुनी वाटते.

पाण्यात सोडलीस की कळव.

तुझा,
निवृत्तीमामा


रत्नागिरी
३ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जय भीम.

सोडली! दिवाळीच्या आधी, २८ तारखेला. मिरकरवाड्याहून बोटीनं चार तास आत गेलो. मला दोनदा उलटी झाली, होडीला काही झालं नाही. नांगर तळाला लागला, बोटीचा दोर सुटला, ती एकदा मागं-पुढं झाली, आणि मग हळूच वळून लाटेकडं तोंड करून उभी राहिली. मी रडले. बोटीवरचे खलाशी माझ्याकडं बघत होते, मी म्हटलं खारं पाणी गेलं डोळ्यांत.

दर तासाला ती खबर देते. पाण्याची गरमी, लाटेची उंची, वारा. सकाळी चहाच्या आधी मी तेच बघते. पाटणकर सरही बघतात, फक्त माझ्यासमोर नाही.

तुमच्या दोन सह्या पाहून समितीत थोडी चुळबुळ झाली. मी म्हटलं, हा माणूस स्वतःचं काम परक्यासारखं तपासतो. विषय तिथंच संपला.

मामींना सांगा, मी मार्चमध्ये येते.

तुमची,
संजना


अंबड, नाशिक
२० नोव्हेंबर २०२४

चि. संजना हिस,
सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. आनंद झाला.

एक विचारायचं होतं. होडी पाण्यात सोडली तेव्हा, ती किती बुडते ते कळायला कुशीवर मारलेला लाल पट्टा पाण्याच्या किती वर होता? आता कुणी त्या बाजूला गेलं तर तो पट्टा दिसतो का, ते बघायला सांगशील? बॅटरीच्या कप्प्यात ओल कळण्याचं काही यंत्र बसवलं होतंस का? नुसतं माहिती म्हणून विचारतो.

मामी बरी आहे. माझ्यावर रागावली आहे. तिला कढीपत्ता लावायला जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीची कुंडी करून पाहिजे होती, ती अर्धवट राहिली.

तुझा,
निवृत्तीमामा


रत्नागिरी
७ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी मैत्रिणीला म्हटलं, बघ, माझा मामा झोपेतसुद्धा लाल पट्टा मोजत असेल. ओल कळण्याचं यंत्र या पहिल्या बोयात नाही, पुढच्यात घालू. सूचना छानच आहे.

आता थोडी कटकट झालीय, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तीन तारखेपासून होडी बोलत नाही. दुपारी दोनची खबर आली, तीनची आली नाही. अँटेना असेल, नाहीतर उपग्रहाची भानगड असेल. बोट मिळाली की जाऊन बघू. सध्या मासेमारीचा जोर आहे, बोट मिळत नाही.

इकडं सगळं ठीक. पाटणकर सर हल्ली जिन्यात काही विचारत नाहीत.

कुंडीचं काय झालं? मामींना इतके दिवस ताटकळत ठेवणारे तुम्ही नव्हे.

तुमची,
संजना


अंबड, नाशिक
१३ डिसेंबर २०२४

चि. संजना हिस,

हे पत्र आधीच लिहायला पाहिजे होतं. लिहिलं नाही, कारण हिंमत झाली नाही. आता लिहितो, ते पूर्ण वाच.

अँटेना नाही, उपग्रह नाही. मी होडीच्या बुडाला भोक पाडलं आहे.

शेततळ्यावरून आणल्यावर पोटात पाणी होतं असं मी तुला लिहिलं होतं. ते कसं काढलं ते लिहिलं नव्हतं, कारण ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. ड्रिल घेतलं आणि बॅटरीच्या कप्प्यात, सगळ्यात खालच्या जागी सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. पाणी निघून गेलं, मी हात पुसले आणि पुढच्या कामाला लागलो. विमानाच्या पोटात पाणी साठू नये म्हणून खालून अशी भोकं ठेवतातच. चौतीस वर्षांत मी किती पाडली असतील याची मोजदाद नाही. तिथं भोक नसणं ही चूक. तसं राहिलं तर तपासणारा काम परत पाठवायचा. हाताला तेच वळण. डोक्याला विचारायला हात थांबलाच नाही.

नोव्हेंबरात मामीनं बादली पुढं केली आणि म्हणाली, "बुडाला भोक पाडून द्या, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतील." ड्रिल बादलीला टेकवलं आणि मला होडीचं बूड आठवलं. ड्रिल तसंच खाली ठेवलं. त्या दिवसापासून मी त्याला हात लावलेला नाही. मामीला कारण सांगितलं नाही. तिनं तशाच बादलीत रोप लावलं, ते पिवळं पडत चाललंय.

आणि तुला मी लाल पट्ट्याचं विचारत बसलो. वाटलं, कदाचित मी भोक बुजवलंही असेल आणि विसरलो असेन. नाही. मी बुजवलं नाही, मला पक्कं आठवतं.

पोरी, दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या कुणाची सही असती तर हे झालं नसतं. शकीलाबाई म्हणाली होती, बघू का एकदा. मी तिला रंगाचं बघायला लावलं. मस्ती आली होती मला.

तू माझ्यासाठी समितीपुढं उभी राहिलीस. आता मी तुझ्यासाठी उभा राहतो. हेच पत्र समितीला दाखव. लिही, की रेखाटन निर्दोष आहे, कारागीर चुकला. तुझं नाव राहिलं पाहिजे, माझ्या नावाचं आता काय करायचंय. वाटल्यास मी स्वतः येऊन सांगतो. ऐकू आलं नाही तरी बोलता येतं.

तुझा गुन्हेगार,
निवृत्तीमामा


रत्नागिरी
२९ डिसेंबर २०२४

ती. मामांस,

आधी हे वाचा : होडी सापडली. बुडालेली नाही. पोट कोरडं ठणठणीत आहे.

मामींना फोनवर हेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी तीनदा लिहून दाखवलं, ते म्हणतात पोरगी माझं मन राखायला खोटं बोलते." म्हणून आता सगळं क्रमानं लिहिते. खोटं बोलायचं असतं तर मी एवढी मोठी गोष्ट रचली नसती.

तुमचं पत्र मला १९ तारखेला मिळालं. मी ते कुणाला दाखवलं नाही. तुम्हाला लिहिलं होतं की इकडं सगळं ठीक आहे, नव्हतं. सोमवारी समिती बसणार होती आणि काम गुंडाळण्याचा कागद टाइप होऊन तयार होता. तुमचं पत्र पुढं केलं असतं तर मी सुटले असते. दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. तुम्ही स्वतःला 'गुन्हेगार' लिहिलंत ना, ते वाचून मला तुमचा इतका राग आला की ते पत्र कुणाच्या हातात द्यायला मन होईना.

रविवारी, २२ तारखेला दुपारी संस्थेच्या नंबरवर फोन आला. विजयदुर्गाकडचे मुझफ्फर नाखवा. त्यांना जाळी टाकताना दूरवर एक होडी दिसली, तिच्यावर माणूस नाही. कुणी पडलं की काय म्हणून सगळं काम टाकून ते जवळ गेले. नांगराचा दोर तुटला होता आणि अँटेनाची काठी मोडून लोंबत होती. तीन तारखेच्या दुपारी कुणाच्या तरी बोटीचा दोर तिच्यात अडकला असणार. नाखवा म्हणाले, "गोल पिंप असतं तर आम्ही वळूनसुद्धा बघितलं नसतं. होडी दिसली, म्हणून जीव राहवेना." त्यांनी ती धक्क्यावर ओढून आणली आणि कुशीवरचा नंबर लावला.

सोमवारी बैठकीऐवजी आम्ही विजयदुर्गाला गेलो. पाटणकर सर स्वतः आले. गाडीत मी पर्स घट्ट धरून बसले होते. नाखवा झाकण उघडायला लागले तेव्हा मी मनात म्हटलं, आता पाणी दिसणार. झाकण निघालं. आत आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. पाटणकर सरांनी खिशातला रुमाल काढून कप्प्याच्या तळाला फिरवला, रुमाल कोरडा. मग त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "हे काय लिहिलंय?"

बॅटऱ्यांच्या मागं, अगदी खालच्या जागी, हातभर चौकोनी ठिगळ होतं, फायबरच्या मॅटचं. सुरकुती एक नाही. त्यावर मार्करनं लिहिलं होतं :

"भोक होते. बंद केले. आतून तीन थर, बाहेरून तीन थर. शकीला, २ ऑक्टोबर."

मामा, ते मी दोनदा वाचलं. मग पर्समधून तुमचं पत्र काढलं आणि धक्क्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचलं. नाखवा 'या अल्ला' म्हणाले. पाटणकर सरांनी कोरडा रुमाल घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "चूक लिहून देणारा माणूस आणि न सांगता दुरुस्त करणारी बाई एकाच शेडमध्ये असतील, तर बाहेरून कशाला आणायचं?" काम बंद करण्याचा कागद त्यांनीच फाडला. सहाच्या सहा बोये आपल्याकडंच. अट एक : दुसऱ्या रकान्यात शकीला मावशींची सही. ही अट मी घातलेली नाही, पण मी टाळ्या वाजवल्या.

अँटेना खाली वाकवता येईल अशी करायचीय, नवं रेखाटन पाठवते. आणि आता तरी जेवा नीट. मामी म्हणाल्या, तुम्ही पंधरा दिवस अर्ध्या भाकरीवर आहात.

तुमची,
संजना


अंबड, नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

चि. संजना हिस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी चष्मा ओला झाला म्हणून, दुसऱ्या वेळी खात्री करायला, तिसऱ्यांदा मामीला वाचून दाखवायला. चौथ्या वेळी वाचलं ते शकीलाबाईसमोर. ती नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आली, नातू झाल्याचे पेढे घेऊन.

मी विचारलं, बाई, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "पुसायला डोकं आत घातलं भाऊ, तर खालून उजेड दिसला. तुम्हाला हाक मारणार होते. पण कागदावर तुमच्या दोन दोन सह्या होऊन गेलेल्या. सांगितलं असतं तर तुम्ही आख्खी होडी तोडून नवी करायला घेतली असती, आणि तारीख तर दोन दिवसांवर. आणि खरं सांगू? तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं." मी म्हटलं, मग आत लिहिलंस कशाला? म्हणाली, "जे केलं ते लिहायचं, हे तुम्हीच तर ओरडत असता सगळ्यांवर."

चौतीस वर्षांत माझ्या कामावर इतक्यांनी शिक्के मारले, पण असं तपासणारं कुणी भेटलं नव्हतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे भाऊ, पेढा खा." खाल्ला. दोन खाल्ले.

दुसऱ्या होडीचा तक्ता सोबत आहे. तपासणाऱ्याच्या रकान्यात शकीलाबाईची सही आहे, ती नीट बघ. तिच्या आधी दोनदा 'नापास' लिहिलेलं दिसेल. पहिल्यांदा झाकणाच्या रबराला चीर होती, दुसऱ्यांदा काय होतं ते तिनं मला अजून पटवून दिलेलं नाही, पण मी गुपचूप पुन्हा केलं.

ड्रिल आता कुलपात असतं, किल्ली तिच्याकडं. लागलं की मागायचं आणि कारण सांगायचं. काल पहिल्यांदा मागितलं. तिनं विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, मामीच्या कढीपत्त्याच्या बादलीला. ती म्हणाली, "बादली आणा, बघितल्याशिवाय नाही देणार." रोपासकट बादली रिक्षात घालून शेडवर नेली. तिनं ती तिरकी करून बूड पाहिलं, तिथं नखानं खूण केली आणि मग ड्रिल हातात दिलं. नखाच्या खुणेवर टेकवलं, पडलं भोक. साचलेलं काळं पाणी सगळं निघून गेलं.

रोप वाचेल असं मामी म्हणते. खालून एक कोंब हिरवा आहे. मार्चमध्ये येशील तेव्हा बादली बघच. तिच्या कुशीवर शकीलाबाईनं मार्करनं लिहून ठेवलंय :

"भोक आहे. राहू द्यावे. शकीला."

तुझा,
निवृत्तीमामा